दऱ्या आणि दर्या

"मॅडम, हे जरा ऐका," म्हणत त्याने इअरफोनचं एक टोक माझ्याकडे धरलं.

रविवार होता. दूरशिक्षणाचा तास संपून पोरं डबे उघडत होती. पोरं ही आपली म्हणायची पद्धत. त्यात एसटीचे एक कंडक्टर होते, दोन अंगणवाडी सेविका होत्या, सुट्टीवर आलेला एक फौजीही होता. मी टोक कानात घातलं. आत एक बाई अत्यंत गंभीर आवाजात, श्वासही न घेता बोलत होती: "डॉलर, के, स्लॅश, वाय, ब्रॅकेट, ओ, ओ, पर्सेंट, यू..."

"काय आहे हे?"

"तुमच्या नोट्स. प्रकरण तीन, पर्जन्यछाया."

पर्जन्यछाया म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा भाग, आणि तो तशाच माण तालुक्यातला. जन्मापासून दिसत नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत टेलिफोन सांभाळतो आणि बहिःस्थ बी.ए. करतो. फोन त्याला सगळं वाचून दाखवतो: बँकेचे मेसेज, पेपर, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचारसुद्धा. माझ्या नोट्स तेवढ्या वाचत नव्हता. "बहीण वाचून दाखवते," तो म्हणाला, "पण तिची बारावी आहे. किती वेळ मागायचा?"

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणासाठी. या नोट्स मी २००९ साली लिहिल्या. बाजारातल्या गाइडांना कंटाळून, गावातल्या डीटीपीवाल्या काकांकडे बसून, पदरचे पैसे घालून. पुढे त्यांची पीडीएफ करून ती गुगल ड्राइव्हवर ठेवली. २०१८ साली प्राध्यापकांच्या उजळणीसाठी 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर 'अर्पित' अभ्यासक्रम आले तेव्हा मीही एक केला (पदोन्नतीला उजळणीवर्ग लागतो म्हणून केला, उगीच सोवळं कशाला सांगू). तिथे चर्चेत कुणीतरी 'मुक्त शैक्षणिक साधनं' हा शब्द वापरला. मला तो इतका आवडला की त्याच रात्री माझ्या पीडीएफच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरात घातलं: 'हे मुक्त शैक्षणिक साहित्य आहे. सर्वांना मोफत.' आणि झोपले. चार वर्षं ती पाटी मिरवत होते.

त्या रविवारी कळलं की पाटी उघडी होती, दार बंद होतं.

डीटीपीवाल्या काकांनी मला जे समजावलं ते मी भूगोलाच्या बाईच्या भाषेत सांगते. जुन्या मराठी फॉन्टांमध्ये मराठी नसतंच. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्या तोंडावर मराठी मुखवटा चढवतो. 'के'च्या जागी 'क'चं चित्र, डॉलरच्या जागी आणखी कशाचं. डोळ्याला मुखवटा दिसतो, फोनला खालचं तोंड. म्हणून ती बाई डॉलर-डॉलर करत होती. ती बिचारी अगदी प्रामाणिकपणे जे होतं तेच वाचत होती. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, तिथे मुखवट्याचं कामच नाही. आणि हा प्रश्न फक्त न दिसणाऱ्यांचा नाही. माझ्या पीडीएफमध्ये 'मोसमी' हा शब्द शोधून बघितला. शून्य. २४ पानांत मोसमी वारे ठासून भरलेत आणि कॉम्प्युटर म्हणतोय, असा शब्दच नाही.

"मूळ फाइल आहे का हो?" मी विचारलं.

काका एकही सीडी फेकत नाहीत. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून मार्करने 'भूगोल बाई' लिहिलेली एक निघाली. ती फाइल पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, उघडली फक्त त्यांच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर. त्यांनी तिच्यातला सगळा मजकूर बाहेर काढून दिला आणि नेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरमधून तो युनिकोडमध्ये कसा आणायचा ते दाखवलं. दहा सेकंदांत २४ पानं मराठी झाली. मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत पहिली ओळ वाचली. 'नैऋत्य मोसमी वारे पिश्चम घाटाला अडतात आणि प्रितरोध पजर्न्य होतो.'

झालं होतं असं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून आधी टाइप केलेली. रफार नंतर चढवायचा, म्हणून नंतर. युनिकोडचा क्रम उच्चाराचा. कन्व्हर्टरने जमेल तेवढ्या वेलांट्या आणि रफार जागेवर नेले, पण जोडाक्षर आलं की त्याचा पाय घसरायचा. पश्चिमचं पिश्चम, दक्षिणचं दिक्षण, वर्षाचं वषार्. मला वाटलं होतं एका संध्याकाळचं काम आहे. पुरते दोन महिने गेले.

पहिल्याच आठवड्यात मी एक पराक्रम केला. 'दऱ्या', 'वाऱ्यांची', 'किनाऱ्यावर' या शब्दांतला तो आडवा ऱ्य मराठीची खासियत. कन्व्हर्टरने सगळीकडे त्याचा साधा रफारवाला 'र्य' करून टाकला होता. मी म्हटलं, सोपं आहे. 'र्य' शोधा, 'ऱ्य' घाला, सगळीकडे बदला. बटण दाबलं. १८६ बदल झाले असा निरोप आला. मोठ्या समाधानाने फाइल सेव्ह केली आणि दुसऱ्या दिवशी उघडली तर आकाशात 'सूऱ्य' उगवला होता, 'पऱ्यावरण' धोक्यात आलं होतं आणि राज्यशासन विविध 'काऱ्य' करत होतं. परत फिरायची सोय नाही, कारण सेव्ह. मग एकेक 'ऱ्य' हाताने तपासला. त्यातही गंमत अशी की हा ऱ्य लिहायच्या दोन तऱ्हा आहेत, दिसायला एकसारख्या, आतून वेगळ्या. एक तऱ्हा शोधली की दुसरी सापडत नाही. म्हणजे तपासणीच्या दोन फेऱ्या.

तपासणी त्यानेच केली. मी रोज रात्री चार पानं पाठवायची, तो पतसंस्थेच्या वाटेवर एसटीत ऐकायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायचा. "मॅडम, दुसऱ्या भागात पिश्चम अजून आहे." "मॅडम, 'होतो होतो' दोनदा आलंय." २४ वर्षं वर्गात शिकवते आहे, पेपर तपासते आहे, मुद्रितशोधन जमतं असा माझा समज होता. डोळा अर्थाबरोबर पुढे पळतो, चुकीवरून सरळ उडी मारून जातो. कान प्रत्येक अक्षरावर पाय ठेवत चालतो. एकदा निरोप आला, "मॅडम, कोयनेच्या खोऱ्यात समुद्र कुठून आला?" मी उघडून पाहिलं. 'सह्याद्रीच्या पूर्व उतारावर नद्यांनी कोरलेल्या खोल दर्या आढळतात.' माझ्या नजरेखालून ती ओळ तीनदा गेली होती.

आणखी एक. "मॅडम, ही मिमी कोण? सारखी येते. महाबळेश्वरला सहा हजार मिमी." तेव्हापासून सगळीकडे मिलिमीटर असं पूर्ण लिहिलं. छापील पानावर 'मिमी' चालतं, पण ते ऐकायला कसं लागतं हे तपासून बघायची वेळच त्याआधी माझ्यावर आली नव्हती.

याच काळात समजलं की मी मथळेही चुकीचे केले होते. मथळा म्हणजे माझ्या लेखी अक्षर मोठं आणि ठळक. पण लिब्रे ऑफिस या फुकट लेखन-सॉफ्टवेअरमध्ये त्याला 'मथळा' अशी शैली लावावी लागते, तरच वाचून दाखवणारा फोन एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. नुसतं ठळक केलं तर ऐकणाऱ्याला २४ पानांत हवी ती जागा शोधायला पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं. कॅसेट पुढे-मागे करण्यासारखं. ही माहिती मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नव्हती, त्याने दिली.

मजकूर आटोक्यात आला तेव्हा वाटलं सुटले. मग आकृत्यांकडे वळले.

प्रकरणात ११ आकृत्या होत्या. मी कागद घेऊन प्रत्येकीपुढे 'कुठून आणली' असं लिहायला बसले आणि हळूहळू घाम फुटत गेला. तीन एका क्रमिक पुस्तकातून स्कॅन केलेल्या. चार गुगलवर शोधून उचललेल्या, कोणाच्या ते देवाला माहीत. एक परदेशी साइटवरचा भारताचा नकाशा. एक पेपरातलं कात्रण. माझ्या स्वतःच्या दोन, त्याही फळ्यावर काढून फोटो घेतलेल्या. आणि या सगळ्या गठ्ठ्यावर मी मोठ्या मनाने लिहिलं होतं, 'मुक्त साहित्य'. दुसऱ्याच्या शेतातला ऊस वाटून दानशूर झाल्यासारखं.

आमच्याकडे वाणिज्य शाखेला कायदा शिकवणारे एक सर आहेत. ते म्हणाले, "वर्गापुरतं वापरलंत तर कोणी काही म्हणणार नाही." १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या वापराला सूट आहे, दिल्ली विद्यापीठाजवळच्या फोटोकॉपी दुकानाच्या खटल्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच कलमाचा आधार घेतला होता. "पण तुम्ही जगाला म्हणताय की घ्या, बदला, छापा, वाटा. जे तुमचं नाही त्याची परवानगी तुम्ही कशी देणार?" सर चहा पिताना फार कमी बोलतात, पण बोलतात ते असं.

मग मी अभ्यासाला बसले. जो आधी करायला हवा होता. मुक्त शैक्षणिक साधनांचं 'ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' हे इंग्रजी नाव २००२ साली पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत ठरलं, आणि २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने त्यावर रीतसर शिफारस मंजूर केली. डेव्हिड वायली नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने यातले हक्क पाच शब्दांत बसवले आहेत. मराठीत म्हणायचं तर जवळ ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्यात मिसळा, वाटा. माझ्या पीडीएफला लावून पाहिले. जवळ ठेवणं आणि वाटणं, ठीक. वापरणं, डोळे असतील तर. बदलणं आणि मिसळणं, नाव काढू नका.

परवान्याचा प्रश्न मात्र मी वाटलं त्यापेक्षा जास्त दिवस चघळला. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे आपलं साहित्य इतरांनी कसं वापरावं ते सांगणाऱ्या तयार अटी, २००२ पासून आहेत आणि त्यांची अक्षरं एकदा समजली की अवघड नाहीत. 'बाय' म्हणजे नाव द्या. 'एसए' म्हणजे बदलून पुढे दिलंत तर याच अटींवर द्या. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नको. 'एनडी' म्हणजे बदलू नका. हा लावला की मुक्त साहित्य म्हणायचं कशाला? माझा जीव अडकला एनसीवर. गाइडवाल्यांवर माझा जुना राग. त्यांनी माझ्या नोट्स उचलून, पिवळं कव्हर चढवून, दीडशे रुपयांना विकायच्या? एनसी लावायचाच असं ठरवून मी बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्याकडे माझ्या नोट्सची प्रत मिळते, स्पायरल करून, साठ रुपयांना. ज्या पोरींकडे स्वतःचा फोन नाही, भावाचा किंवा नवऱ्याचा आहे, त्या तिथूनच नेतात. साठ रुपयांत त्याचे दहा-पंधरा सुटत असतील. एनसी लावला तर कायद्याने पहिला गुन्हेगार हा. आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रं-आवाजांच्या भांडारात, एनसी असलेलं काही चालतही नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम खुले करायचं जाहीर केलं, त्यांचा परवाना एनसीवाला आहे. आपल्या एनसीईआरटीच्या मुक्त साधनांच्या भांडाराने, २०१३ साली सुरू झालेल्या एनआरओईआरने, बाय-एसए धरला. मी एनसीईआरटीच्या बाजूला गेले. गाइडवाल्याने छापलं तर छापू दे, पण त्यात बदल करून छापलं तर त्याला आपलंही पुस्तक बाय-एसएखाली खुलं करावं लागेल. त्याची ही अडचण कल्पनेत बघून मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करते.

नऊ आकृत्या काढून टाकल्या. भारताच्या नकाशाचं दुःख होतं, पण तो नकाशा नुसता उसना नव्हता, चुकीचाही होता. परदेशी साइटवरच्या नकाशात जम्मू-काश्मीरची सीमा आपल्या अधिकृत नकाशासारखी नसते, आणि भूगोल शिकवणाऱ्या बाईने तेरा वर्षं तो तसाच वाटला होता. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा घ्यायचा का, असा विचार करताना लक्षात आलं की पर्जन्यछाया शिकवायला अख्खा भारत लागतच नाही. मला लागतो हर्णैच्या किनाऱ्यापासून माणपर्यंतचा एक आडवा छेद. समुद्र, कोकण, सह्याद्रीची भिंत, वर महाबळेश्वर, मग पाचगणी, वाई, सातारा आणि पलीकडे माण. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत माणमध्ये ५०० च्या आसपास. एवढं उदाहरण घराच्या अंगणात असताना मी पुस्तकातून परदेशी डोंगर स्कॅन करून आणले होते.

छेद मी कागदावर काढला, भाच्याने तो इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून दिला. त्याला एकच अट घातली: नावं चित्रात रंगवून टाकायची नाहीत, अक्षर म्हणून ठेवायची, म्हणजे उद्या कोणाला वाईच्या जागी दुसरं गाव लिहायचं तर लिहिता येईल. "कोण लिहिणार आहे, मावशी?" तो म्हणाला. तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

आता ही आकृती न बघणाऱ्याला कशी सांगायची? मी वर्णन लिहिलं: 'पर्जन्यछाया दाखवणारी आकृती.' त्याचा आवाज आला, "मॅडम, ते नाव झालं. आहे काय त्यात?" पुन्हा लिहिलं: 'डावीकडे समुद्र असून उजवीकडे पठार आहे. मध्ये उंच डोंगर दाखवला आहे.' "डावीकडे कोणाच्या?" तो म्हणाला. "पश्चिम-पूर्व म्हणा ना. वारा कुठून येतो ते सांगा, म्हणजे मला उभं राहता येईल." सहाव्या खेपेला जमलं. ते वर्णन वाऱ्यापासून सुरू होतं: वारा समुद्रावरून ओल घेऊन पूर्वेकडे निघतो, कोकणात फारसा चढ नाही, मग भिंत लागते, वारा वर चढतो, चढताना थंड होतो, सांद्रीभवन होतं, पाऊस पडतो, माथा ओलांडून खाली उतरताना तोच वारा तापतो, कोरडा होतो. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वर्गात मी असं क्रमाने कधी सांगतच नव्हते. "आकृती बघा," म्हणून मोकळी व्हायचे.

तरीही त्याचं समाधान नव्हतं, म्हणून त्याच्या बहिणीने एक उद्योग केला. तीस सेंटिमीटर लांबीच्या पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून छेदाची रेघ केली, डोंगराची आणि पठाराची. आणि पावसासाठी मोहरी. पश्चिम उतारावर फेविकॉल लावून मूठभर दाट, पाचगणीला विरळ, माणला मोजून पाच दाणे. पुढच्या रविवारी तो पुठ्ठा घेऊन आला. वर्गातल्या सगळ्यांनी डोळे मिटून त्यावर बोटं फिरवली. कंडक्टरसाहेब मोहरीवरून बोट नेता नेता म्हणाले, "हा केळघर घाट आला."

तो मात्र सुतळीच्या टोकाशी थांबला होता. "मॅडम, सह्याद्री एवढा उंच? सुळकाच आहे हा."

मी सांगायला तोंड उघडलं आणि थबकले. पुठ्ठ्यावर तीस सेंटिमीटरमध्ये दीडशे किलोमीटर बसवले होते, म्हणजे एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १४०० मीटरच्या आसपास. त्याच प्रमाणात डोंगराची उंची भरते तीन मिलिमीटरही नाही, सुतळीच्या जाडीएवढी. आमच्या पुठ्ठ्यावर ती होती सात सेंटिमीटर, पंचवीस पट फुगवलेली. भूगोलाच्या बहुतेक छेदांत उभं प्रमाण असं फुगवतात, नाहीतर काही दिसतच नाही. आणि आम्हाला त्याची इतकी सवय की सांगायचं राहून जातं. डोळ्यांनी बघणाऱ्या एकाही विद्यार्थ्याने मला हा प्रश्न विचारला नव्हता. त्या आकृतीखाली आता एक परिच्छेद आहे, 'हा डोंगर खरा एवढा उंच नाही' असा सुरू होणारा. तेरा वर्षं तो नव्हता.

मी त्याला विचारलं, माणमध्ये पर्जन्यछाया म्हणजे तुला काय वाटतं? तो म्हणाला, "दुपारी उन्हात बसलं की मधेच ऊन अंगावरून जातं. आई म्हणते, आभाळ आलंय. मग मी वास बघतो. मातीचा वास येत नाही. थोड्या वेळाने ऊन परत येतं." हे मी त्याच्या परवानगीने धड्यात घातलं. नाव नको म्हणाला.

ध्वनिपाठाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लॉकडाउनमध्ये चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ तास घेऊन मी एक गोष्ट शिकले होते: रेंजसाठी टेकडीवर चढलेल्या विद्यार्थ्याला माझा चेहरा बघायचा नसतो. म्हणून नुसता आवाज. रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, कपाटाचं दार उघडं ठेवून आत गोधडी टांगलेली, रात्री अकरानंतर. तरी एका ठिकाणी शेजाऱ्यांचं कुत्रं आहे. काढायचा कंटाळा केला. बारा मिनिटांचा एक भाग, एकाच चॅनेलवर आणि ६४ केबीपीएसला ठेवला की सहा एमबीच्या आत बसतो. सुट्टी संपवून सीमेवर गेलेल्या त्या फौजीने निरोप पाठवला की तो पहाऱ्यावरून आल्यावर ऐकतो. कुत्र्याची त्याने खास चौकशी केली.

फेब्रुवारीत सगळं वर चढवलं. आकृत्या आणि आवाज विकिमीडिया कॉमन्सवर, मजकूर इंटरनेट आर्काइव्हवर. मजकूर तीन रूपांत: छापायला पीडीएफ, फोनवर वाचायला ईपब आणि बदलायला ओडीटी. जुनी पीडीएफ ३८ एमबी होती, सगळी त्या स्कॅनमुळे. नवं ईपब एक एमबीसुद्धा नाही. ओडीटी देताना बोट जरा अडखळलं. ती फाइल म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची किल्ली. कोणीही यावं, भांडी हलवावीत. दिली.

पुढचे तीन-चार महिने काहीच झालं नाही. झेरॉक्सवाल्याने नवी प्रत छापायला घेतली, एवढंच.

मग एक दिवस गोव्यातल्या एका शिक्षिकेची मेल आली. तिने प्रकरण कोकणीत केलं होतं. माझा छेद घेऊन त्यावर महाबळेश्वरच्या जागी चोर्ला घाट आणि माणच्या जागी बेळगाव जिल्ह्याचा पूर्व भाग लिहिला होता. उंचीही त्याप्रमाणे खाली आणली होती, आणि 'हा डोंगर खरा एवढा उंच नाही'मधले आकडे नव्याने काढले होते. शेवटी माझं नाव, परवान्याचं नाव आणि 'मूळ साहित्यात बदल केले आहेत' ही ओळ. नियमाप्रमाणे सगळं चोख.

मी कौतुकाने वाचत गेले आणि सातव्या भागात आले. सातव्या भागात माझा एक परिच्छेद होता. सह्याद्रीवर. मेघ, कडे, धुकं, काळाच्या उदरात घडलेले कातळ, सगळं असलेला. तो मी तरुणपणी लिहिला होता आणि मला पाठ आहे. तिने तो काढून टाकला होता. सबंध. तिथे फक्त एक तक्ता होता.

परवाना मीच दिला होता, 'बदला' मीच म्हटलं होतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. तरी दोन दिवस मी त्या मेलला उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी नीट पाहिलं तर तक्ता चांगला होता. गावाची उंची, किनाऱ्यापासून अंतर आणि पाऊस शेजारी शेजारी मांडलेले. बाय-एसएचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. मी तो तक्ता आपल्याकडची गावं घालून माझ्या प्रकरणात घेतला आणि खाली तिचं नाव लिहिलं.

मेलच्या शेवटी तिने एक गोष्ट संकोचत लिहिली होती. 'ताई, सातव्या भागात एका ठिकाणी खोल दर्या असं राहिलंय. आमच्याकडे दर्यो म्हणजे समुद्र, त्यामुळे मुलं फार हसली.'

मी लगेच त्याला फोन लावला. म्हटलं, "अरे, कोयनेतला समुद्र पकडलास, मग सातव्या भागातला तुझ्या कानातून सुटला कसा?"

पलीकडे थोडा वेळ एसटीचा नुसता खडखडाट ऐकू आला.

"मॅडम, खरं सांगू का? रागावू नका," तो म्हणाला. "सातव्या भागाला मला दरवेळी झोप लागायची."